सहा सिलिंडर, दोन दारं

सत्यवती : दोनच दारं? मग मागे बसणाऱ्याने शिरायचं कुठून?

विशाल : पुढची सीट अशी वाकवायची, बाई. मगे एक पाय आत, डोकां खाली... बसाक होता. ल्हान माणूस बसता.

सत्यवती : म्हणजे पिशव्या बसतात.

गोकुळदास : आमच्या मागे कोण बसणार आसा? पोरगी दुबईत, जावई दुबईत. तू बॉनेट उघड रे, विशाल. हे बघ गो! एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ओळीने. माझ्या टिपरासारखे.

सत्यवती : सुर्ल्याहून इब्रामपूरपर्यंत मला इंजीन मोजायला आणलंत?

गोकुळदास : चार सिलिंडर खोकतात. सहा गातात. तीस वर्सां खाणीवर ट्रिपा मारल्या, तोच आवाज कानात. खाणी बंद पडल्या, टिपर विकला, त्याला चार वर्सां झाली. आता कानात फक्त तुझा टीव्ही.

विशाल : पात्रांव, दोन्ही गाडये सहा सिलिंडरच्योच. तांबडी गियरवाली. राखाडी ऑटोमॅटिक. मालक एकच, किंमत एकच. तो गेलो परदेशात, माझ्यार सोपवून गेलो. तुमका खंयची व्हयी ती सांगा.

गोकुळदास : तांबडी.

सत्यवती : राखाडी.

विशाल : हां. म्हणजे चा घेऊया आधी.

सत्यवती : चहा नको. विशाल, तुम्हाला सांगून ठेवते, नंतर घोळ नको. निम्मे पैसे हे टिपरचे घालतायत, निम्मे मी माझ्या फंडातून घालते. चौतीस वर्षं नार्व्याच्या शाळेत पोरांना पाढे शिकवून जमलेला फंड आहे तो. मी जी गाडी चालवू शकणार नाही, त्या गाडीत माझा रुपया जाणार नाही.

गोकुळदास : चालवणार तू? तू स्कूटरच्या आरशात केस नीट करतेस, मागची गाडी बघत नाहीस.

सत्यवती : म्हणून तर ऑटोमॅटिक म्हणते. आरशात बघायला सवड मिळेल.

गोकुळदास : ऑटोमॅटिक म्हणजे काय, माहीत आसा? गाडी आपली आपण ठरवते. मग मी कशाला बसायचं आत? देवासारखा?

विशाल : पात्रांव, आजकाल सगळे ऑटोमॅटिकच मागतत. ट्रॅफिकात पाय दुखणा नाय...

गोकुळदास : तुला कोणी विचारलं? तांबडीचं दार उघड. हां. काटा किती सांगतो? चाळीस हजार. आणि क्लचचं रबर बघितलंस? पार गुळगुळीत. चाळीस हजारात रबर असं होत नाय. टिपरचं होत नव्हतं, हिचं कसं होईल?

विशाल : मालक बूट घालून चालवी, पात्रांव.

गोकुळदास : आणि मी काय चप्पल काढून चालवी?

सत्यवती : मला दुसरंच दिसतंय. डाव्या सीटचा पट्टा हातात घ्या. कडक आहे, जसा दुकानातून आला तसा. तांबड्या गाडीत त्या माणसाच्या बाजूला कधी कोणी बसलंच नाही. राखाडीतला बघा, मऊ झालाय, त्याला पावडरीचा वास येतो.

विशाल : ता खरां आसा, बाई. बायको म्हणाली, तांबडीत तू गियरशी बोलतंस, माझ्याशी नाय. मगे त्याने राखाडी घेतली.

सत्यवती : ऐकलंत?

गोकुळदास : बायको सोडून गेली काय त्याची?

विशाल : नाय, नाय. तिच्यासाठीच परदेशात गेलो.

गोकुळदास : मग राखाडी आधी बघूया. नाय तर ही जेवणार नाय रात्री. चल, मागे चढ.

विशाल : मी? मागे?

सत्यवती : ल्हान माणूस बसतो म्हणालात ना?

(रस्त्यावर. राखाडी गाडी. गुडघे हनुवटीशी घेऊन विशाल मागे.)

विशाल : डी-वर ठेवा, पात्रांव. आता फक्त ॲक्सिलेटर. डावो पाय कामाचो नाय.

गोकुळदास : हं. बरी आसा. सगळं गुपचूप. आवाज आसा, पण कोणी उशीखाली ठेवलाय. आता पुढे वळण, तर जरा क्लच...

विशाल : आई गे!

सत्यवती : विशाल, लागलं?

विशाल : नाक... आसा. जाग्यार आसा. पात्रांव, तो क्लच न्हय! ब्रेक तो! डाव्या पायान ब्रेक दाबलात!

गोकुळदास : मी नाय दाबला. पाय गेला.

सत्यवती : पाय मांडीखाली घेऊन बसा.

गोकुळदास : हसू नको गो. तीस वर्सां वळण आलं की पाय गेला. दिवसाला शंभर वळणं धर. त्याला आता कोण सांगणार, तुझी नोकरी संपली म्हणून?

विशाल : दोन दिवसांत सवय होता.

गोकुळदास : हो, बघ, परत गेला! मी इकडे बोलतो आसा आणि पाय तिकडे. नाय. ही गाडी मी चालवली तर पुढच्या जत्रेपर्यंत कोणाचा तरी जीव जाईल. मी परत फिरवतो.

(परत विशालच्या अंगणात.)

सत्यवती : म्हणजे राखाडी घेतली तर तुम्ही बाजूला बसणार. तांबडी घेतली तर मी.

गोकुळदास : तुला बसायची सवय आसा.

सत्यवती : कुठली सवय? तीस वर्षांत तुमच्या टिपरात मी एकदा बसले, चवथीचं सामान आणायला. तेही मागे मातीचा ढीग होता म्हणून पुढे घेतलंत.

विशाल : मग काय करूया? तिसरी गाडी बघूया? माझ्याकडे सात सीटची एक...

सत्यवती : तांबडी काढा. चावी माझ्याकडे.

गोकुळदास : गो, ती गियरची आसा.

सत्यवती : चार वर्षं तुम्ही दारापुढच्या बाल्कांवात बसून रस्ता बघत होता. एकदाही विचारलं नाहीत, शनिवारी भजन पाचला सुटतं तर ही सातला का येते.

विशाल : बाई, लायसन...

सत्यवती : पर्समध्ये. छोट्या कप्प्यात. काढा आणि त्यांना दाखवा, वाचायला चष्मा हवा तर तोही तिथेच आहे.

गोकुळदास : डिचोलीच्या क्लासात? गियरच्या गाडीवर? आणि मला...

सत्यवती : तुम्ही टिपर विकून आल्यावर गाडीचं नाव काढलं की उठून जात होता. कोणीतरी शिकलेलं बरं म्हटलं. ऑटोमॅटिक मागितली ती हे गुपित फुटू नये म्हणून. बसा. डाव्या बाजूला. पट्टा लावा, कडक आहे, ओढावा लागेल.

(रस्त्यावर. तांबडी गाडी. सत्यवती चालवते, विशाल परत मागे.)

गोकुळदास : हळू... क्लच पुरा दाब... हां. चढणीवर ने बघूया. इब्रामपूरची चढण नीट चढवलीस तर मी पुढे बोलणार नाय. बंद पडली तर ती गाडी माझी, आणि तू आरशात केस नीट करायचे.

सत्यवती : कबूल.

विशाल : माझां नाक दोघांमध्ये आसा, इतकां ध्यानात ठेवा.

गोकुळदास : आता तिसरा. तिसरा घाल! आवाज चढतोय, ऐकू येत नाय? ...घातलास. कधी घातलास?

सत्यवती : तुम्ही सांगायच्या आधी.

गोकुळदास : आता चढण सुरू. दम सोडेल बघ. दुसरा...

सत्यवती : अजून नाही. आता.

गोकुळदास : बरोबर जाग्यावर टाकलास. क्लासात हे शिकवत नाय. क्लासात काटा बघायला शिकवतात. तू काट्याकडे बघितलंसच नाय.

सत्यवती : काटा कशाला? आपलं घर चढणीवर. संध्याकाळी रिकामा टिपर घेऊन तुम्ही खालच्या पुलाशी आलात की ऐकू यायचं. चौथ्यातून तिसरा पडला की मी भाताखालची आग कमी करायची. तिसऱ्यातून दुसरा पडला की ताट घ्यायची. तुम्ही दारात यायचात तेव्हा भात वाफेचा असायचा.

गोकुळदास : मला वाटायचं, तू भात उशिरा घालतेस.

सत्यवती : आणि ज्या दिवशी तिसऱ्यावरच इंजीन थांबायचं, त्या दिवशी वळणावरच्या दारूच्या दुकानात उतरलात हे कळायचं. मग भात झाकून ठेवायची. महिन्यातून चारदा.

गोकुळदास : तीनदा.

सत्यवती : चारदा. खाणीचं बिल मिळालेल्या महिन्यात पाच.

विशाल : बाई, बस! पुढे बस थांबली! चढणीवर!

गोकुळदास : हँडब्रेक ओढ... मी ओढतो...

सत्यवती : हात काढा. माझा हात आहे तिथे.

विशाल : मागे जाता काय? मागे जाता काय गाडी?

गोकुळदास : गप रे. नाय जात. बघ, कशी उठवली. चढणीवरून, पहिल्यात, एक हिसका नाय. मी टिपर शिकलो तेव्हा दोन महिने दगडी गडग्यावर घालत होतो.

विशाल : म्हणजे तांबडी?

गोकुळदास : तांबडी. रबराचे पैसे कमी कर. आणि कागद हिच्या नावावर.

सत्यवती : माझ्या?

गोकुळदास : बाजूच्या माणसाला काय काम नसतं, हे मला आज कळलं. नुसता आवाज. टिपर चालवताना भार होता, पोलीस होता, पुढच्याची धूळ होती... एवढा कधी ऐकलाच नाय. आता वर सपाटी लागली. तिसरा घाल.

सत्यवती : अजून नाही. ऐका.