माणसाळणे : वाक्यात उपयोग

...आणि वर मला म्हणतो, "काका, रागावू नका!" काका! ज्याच्या जन्माआधीपासून मी बातम्या देतोय, तो आमचा नवा संपादक मला काका म्हणतो, आणि सगळ्या कचेरीसमोर, ऐका हं, सगळ्या कचेरीसमोर म्हणतो, "पूर्वी फार अंगावर यायचे काका, आता माणसाळले." हशा! चहावाल्यासकट हशा! तुम्हाला सांगतो, तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाळले? मी काय पिंजऱ्यातला कोल्हा आहे? मला माणसाळवणार? मला?

गुन्हा काय माझा? पाण्याच्या नव्या टाकीची बातमी. बांधून वर्ष झालं नाही तर टाकीला तडा! खाली माझी सख्खी बहीण राहते, ती अंगणात डोक्यावर छत्री धरून भांडी घासते, लख्ख उन्हात! मी वर चढलो, तड्यात बोट घातलं, बोट आत गेलं, अभियंत्याला विचारलं तर म्हणतो, "नवी आहे हो टाकी, घाम येतो तिला." घाम! सगळं लिहून दिलं. पण कंत्राटदार पडला आमच्या पेपरचा मोठा जाहिरातदार, आणि संपादकाच्या केबिनमधला तो गारगार एसी त्यानेच 'सप्रेम भेट' दिलेला. बातमी दाबली. आणि मला नगरपालिकेच्या बातम्यांवरून उचलून कुठे टाकलं? 'आजचा शब्द'! आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली... शब्दाचा अर्थ, उगम, वाक्यात उपयोग. भल्याभल्या मंत्र्यांची बोलती बंद केलेला माणूस मी, आणि आता शब्दांचे अर्थ सांगत बसू? बायको म्हणते, "अहो, बरं झालं की, जेवायला वेळेवर याल." घरचीसुद्धा फितूर!

पण एक गोष्ट त्या एसीत बसलेल्याला ठाऊक नव्हती. आमच्याकडे प्रत्येक ओळ संपादकाच्या नजरेखालून जाते, फक्त हा कोपरा सोडून, कारण तो कुणी वाचतच नाही! तो मजकूर थेट पान लावणाऱ्या बाईंकडे, आणि बाई एवढंच विचारणार, "चौकटीत बसतंय का?" बसतंय म्हटलं की गेलं छापायला! म्हटलं, ठीक आहे. शब्द हवाय ना? असा देतो की जन्मभर लक्षात राहील. मला माणसाळवणार? मला?

शब्द घेतला 'माणसाळणे'. आणि लिहिलं मात्र चोख हं, सूड झाला म्हणून अर्थ चुकवायचा नाही! मूळ शब्द माणूस. केसांवरून केसाळ, रसावरून रसाळ, तसा माणसावरून माणसाळ, आणि त्याचं क्रियापद माणसाळणे. अर्थ काय, तर रानटी प्राण्याने माणसाची भीती टाकून त्याच्या सवयीचं होणे. ते दुसऱ्याने घडवून आणलं की माणसाळवणे. आता गंमत बघा, काबूत आणायला जोर लागतो, वेसण घालायला नाक टोचावं लागतं, आणि माणसाळवायला? काही नाही! रोज थोडं खायला घालायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि वाट बघायची. हत्ती माणसाळतो, पोपट माणसाळतो, पण गाय माणसाळली असं कुणी म्हणत नाही, ती आधीच घरातली. आणि खऱ्याखुऱ्या माणसाला हा शब्द लावला की तो टोमणा! झाली विद्वत्ता. मग... वाक्यात उपयोग!

'कंत्राटदाराने एसी देऊन संपादकाला माणसाळवले.' कसं आहे? पुढचं ऐका. 'नव्या टाकीला तडा गेला तेव्हा अभियंता पुरता माणसाळलेला होता.' आणि शेवटी, 'सिमेंट कमी घातले तरी माणसाळलेली नगरपालिका भुंकत नाही.' बाईंनी विचारलं, "चौकटीत बसतंय का?" म्हटलं, अगदी नेमकं बसतंय! गेलं!

सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलो. आता गाव पेटणार! पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा. "केसाळ, रसाळ छान दिलंत, पण मधाळ राहिलं." म्हटलं, मास्तर, खालची वाक्यं वाचलीत का? "वाचली ना! शुद्धलेखन निर्दोष!" दुसरा फोन बहिणीचा. "दादा, वाचलं रे." माझा ऊर भरून आला. म्हटलं, मग? "मग काय, पोरीला शाळेत हाच शब्द दिलाय, अजून एखादं वाक्य सांग. आणि जरा जोरात बोल, छत्रीवर पाणी वाजतंय."

तेवढ्यात केबिनमधून बोलावणं! राजीनामा खिशात घालून गेलो. म्हटलं, हा ओरडणार, मी दुप्पट ओरडणार, मला माणसाळवणार? मला? तर संपादक खुर्चीतून उठून उभा! "काका, काय लिहिलंत! माझाही उल्लेख केलात, खरंच गरज नव्हती हो... आणि कंत्राटदारसाहेबांचा फोन होता." म्हटलं, दावा लावतोय? लावू दे! "छे छे, खूश आहेत! म्हणाले, आपल्याला माणसं जोडता येतात, हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी छापलं. फ्रेम करून ऑफिसात लावणार आहेत."

फ्रेम! अहो, ज्याची गचांडी धरायला निघालो, तो मला कौतुकाने भिंतीवर टांगणार! राजीनामा तोंडावर फेकायची हीच वेळ. खिशात हात घातला, छाती फुगवली, मानेवर एसीची गार झुळूक येत होती... आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून शब्द फुटले ते असे, "फ्रेम करताना खाली माझं नाव आहे, तेवढं कापू नका म्हणावं."