उजव्या हाताची विहीर

(शनिवारची दुपार. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडचं एक बेट, एफीचं स्वयंपाकघर. तिचा थोरला भाऊ टॉर्मोद खिडकीशी जाळं सांधत बसलाय. मॅरियन कॅनडाहून आलेली.)

मॅरियन : ‘आपल्या गाण्यातलं एकही कडवं गाळायचं नाही, आणि गायचं ते बेटावरच्या आपल्या जुन्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहूनच.’ आजीचं शेवटचं सांगणं एवढंच. मी हो म्हटलं. वाटलं, उंबरा शोधायला असा कितीसा वेळ लागणार.

एफी : त्या जुन्या वस्तीत अकरा पडकी घरं आहेत. एकावरही छप्पर नाही. चहा घे, निवतोय.

मॅरियन : काल वरच्या रस्त्यानं गाडी नेली. उजव्या हाताला विहीर, असं घर सापडलंही. दारात उभी राहिले, पण गावंसं वाटेना.

टॉर्मोद : बरं झालं. तो मेंढ्यांचा कोंडवाडा होता.

एफी : तू गप रे. पोरी, मुळात विहीर डाव्या हाताला. गाणं उंबऱ्यापासून सुरू होतं. मग विहीर, ओढा, धक्का, आणि शेवटी समुद्रातला सीलचा खडक, ते प्राणी ऊन खात पडतात तो; तोही धुक्यात जातो. माझ्या आईनं असंच शिकवलंय. तुझ्या आजीनं खडक आधी घातला नि उंबरा शेवटी. हातसुद्धा बदलला. वय झालं की होतं असं.

मॅरियन : पण आजी ते रोज गायची, भांडी घासताना. तिला तिच्या आईनं शिकवलेलं, आणि ती आई तर इथूनच गेलेली. ती कशी चुकेल?

एफी : घरदार सुटलं की माणूस काय काय विसरतं. आम्ही इथंच आहोत, आमच्याकडे जसंच्या तसं राहिलं.

टॉर्मोद : पोरी, पुन्हा म्हण बरं. गाऊ नकोस, नुसत्या जागा सांग.

मॅरियन : सीलचा खडक. धक्का. ओढा, दगडांवर पाय देत ओलांडायचा. विहीर, उजवीकडे. उंबरा.

टॉर्मोद : चाळीस वर्षं मी याच क्रमानं घरी आलो. मासे मिळोत न मिळोत.

एफी : म्हणजे काय?

टॉर्मोद : म्हणजे आपली आईही बरोबर आणि हिची आजीही. तू दारातून निघतेस. ही समुद्रावरून येतेय. विहीर हात बदलणारच.

मॅरियन : मग आजीच्या आईनं ते मुद्दाम फिरवलं?

टॉर्मोद : ते तिलाच ठाऊक. पण ओढा ओलांडून चढ चढलं की उजवीकडे विहीर असलेलं घर एकच आहे. खालून तिसरं. दारात लाल फळांचं रोवनचं झाड.

एफी : अगं बाई. आम्ही इथं बसून शंभर वर्षं त्यांना निरोप देतोय. आणि ती तिकडे भांडी घासता घासता रोज घरी येत होती. मघाशी बोलले ते मागे घेते, पोरी. देव मला क्षमा करो.

मॅरियन : तुम्ही कशाला मनाला लावून घेता? मला आता वेळेचीच काळजी आहे. सोमवारी पहाटे माझी बोट.

एफी : आणि उद्या रविवार. रविवारी इथं स्तोत्रांखेरीज काही गायचं नाही. तुझ्या आजीसाठीसुद्धा नाही.

टॉर्मोद : तिनं विचारलंय कुठं? चल, आत्ताच गाडीनं सोडतो.

मॅरियन : वरच्या रस्त्यानं?

टॉर्मोद : दुसरा रस्ता नाही.

मॅरियन : टॉर्मोदकाका, तुमची होडी खडकापर्यंत जाईल का? पहिलं कडवं तिथलं आहे.

टॉर्मोद : भरतीचं पाणी अजून तासभर राहील. अंगात जाड काहीतरी घाल.

एफी : माझी शाल घे. दाराशी आहे.

मॅरियन : तुम्ही नाही येणार होडीतून?

एफी : तुम्ही या समुद्रावरून. मी वरच्या रस्त्यानं पुढं होते. इतक्या वर्षांनी घरी येतेय ती, दारात कुणीतरी नको का?