कमानीवरचा आहेर

शिवप्रसाद : त्या परभणीच्या पडदेवाल्याला कितींदा सांगितलं, बाबा, आमची खिडकी वरून गोल हाय. तर तो मलाच म्हणतो, पाईप सरळच येतो साहेब, खिडकी वाकडी कामून बांधली?

सारजाबाई : बरोबर म्हणतंय त्ये. मी बी पाया खांदल्यापास्नं हेच म्हणायले. चौकोनी खिडकीनं तुजं काय घोडं मारलं होतं?

शिवप्रसाद : आई, कमानीनं घर उठून दिसतं.

सारजाबाई : दिसतं ना. जिंतूरची यस्टी दारापुढं हळू होती, अन् आतली समदी माणसं आपल्या ताटात काय वाढलंय ते बगत जातेत. पाईप खाली लावावा, तर वर अर्धी भाकर उघडी. वर लावावा, तर दोन्ही टोकं भिताडावर कानागत भाईर. बेजार करून सोडलं ह्या एका खिडकीनं.

शिवप्रसाद : मी माप धाडलं होतं त्याला.

सारजाबाई : रुंदीचं धाडलं. त्यो म्हणला होता, कागद चिकटवून गोल उतरवून आणा. तुला कागद चिकटवायला सवड न्हाई, अन् आज वास्तुशांत.

शिवप्रसाद : जाऊ दे ना आता. झालंय की काम. महारुद्र शिंप्यानं मधून चुण्या घेऊन कसं पसरवलंय बघ, मोरानं पिसारा फुलवल्यागत. मी नुसते खिळे पक्के करतो.

सारजाबाई : महारुद्रनं काय केलं? मी हुबं ऱ्हाऊन करून घेतलं. त्यो तर कात्री लावायलाच भेला. म्हणला, मावशी, घडीसुदीक मोडली न्हाई हिची, इचार करा.

पंकजा : अहो, गुरुजींचा फोन आला होता, ते निघालेत. पुरण वाटून झालंय, आता फक्त... हे काय लावलंय?

शिवप्रसाद : पडदा. कसा झालाय? आता यस्टीतल्या माणसाला काही दिसणार न्हाई.

पंकजा : मी कापडाचं विचारायलेय.

सारजाबाई : साडी हाय. आहेराच्या ट्रंकीतली.

पंकजा : कोणाच्या आहेराची?

शिवप्रसाद : आता साडी ती साडी, त्यात काय एवढं...

पंकजा : तुम्ही थांबा जरा. आत्याबाई, कोणाच्या?

सारजाबाई : तुज्या मायच्या. लग्नात मला मानाची घातली होती ती.

पंकजा : म्हणजे माहीत होतं तुम्हाला.

सारजाबाई : माहीत न्हाई तर काय. आंधळी हाय का मी?

पंकजा : आई चारठाण्याहून निघालीय. येईलच एवढ्यात. घरात पाय ठेवला की समोर हीच खिडकी.

सारजाबाई : मग येऊ दे की. तिला बी दिसू दे केवढी शोभा आली.

पंकजा : शोभा? त्या साली आई ऊस तोडून आली, अन् घरी न जाता आधी जिंतूरच्या दुकानात गेली. माझ्या साड्या नंतर घेतल्या, तुमची आधी. दुकानदाराला सगळा गठ्ठा उलगडायला लावला. म्हणाली, ईनबाई मोठ्या घरच्या, विहिणीला हलकं दिलं तर पोरीला ऐकून घ्यावं लागेल. अन् तुम्ही ती खिडकीला टांगली.

सारजाबाई : हलकी न्हवती मनूनच टांगली. ट्रंकीत तिच्या तोडीची दुसरी हाय का? बाई, मी लुगडं नेसते. जन्मात सहावारी अंगाला लावली न्हाई. आता ह्या वयात नेसून निघाले तर कुत्री भुकतील.

पंकजा : मग फिरवायची होती. आमच्या लग्नात आलेलं निम्मं कापड झरी गावातल्या लग्नात आहेर म्हणून गेलं, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. हीसुद्धा द्यायची होती कोणाला तरी. एखादी बाई नेसली तरी असती. दर दिवाळीला आई विचारते, त्या साडीचं काय झालं. दर दिवाळीला मी बोलणं बदलते. आता कुठं तोंड लपवू?

शिवप्रसाद : मी काढतो. चादर लावू आजच्या दिवस.

सारजाबाई : काढू नगो. होमाला बसलेल्या माणसांवर समदा रस्ता डोकवायला का?

पंकजा : अन् काढून काय घडी घालणार तिची? गोलात कापलीय ती.

शिवप्रसाद : मग मी करू काय? एक म्हणती लावू नका, एक म्हणती काढू नको. सकाळपासून ह्या स्टुलावर हुबा हाय मी. कमानच फोडून टाकतो, म्हणजे मिटलं.

पंकजा : फोडा. मित्राच्या बंगल्याला कमानी, म्हणून आपल्याला कमानी. एकदा तरी विचारलं होतं का घरात कोणाला?

(दारात धुरपताबाई, पंकजाची आई, हातात पिशवी.)

धुरपताबाई : कोण कमान फोडायलंय? वास्तूच्या दिशी असं बोलू न्हाई.

पंकजा : आई, तू ओट्यावर बस ना. हवा आहे तिथं. मी पाणी आणते.

धुरपताबाई : ओट्यावर कामून? पाय धुऊन आले मी. लय झाक झालंय घर. जावईबापू, खाली उतरा, स्टूल हलायलंय.

शिवप्रसाद : उतरतो, उतरतो. या तुमी. बसा.

धुरपताबाई : त्यो काठ...

शिवप्रसाद : कोणता?

धुरपताबाई : खिडकीचा.

पंकजा : आई, मी तुला सांगणारच होते...

सारजाबाई : तू काय सांगतीस? लावली मी, सांगते मी. ईनबाई, साडी तुमचीच. मला सहावारी नेसता येत न्हाई. तवाच सांगायचं, तर तुमाला वाईट वाटंल मनून गप बसले. ट्रंकीत कसर लागून जाण्यापरीस पुढच्या खिडकीला दिसंल, असं माज्या मनात आलं. पोरगी म्हणती, मी तुमचा अपमान केला. झाला असंल तर दोन शब्द बोला. मी ऐकून घेते.

धुरपताबाई : कापली?

सारजाबाई : कापली. कापल्याबिगर गोल बसत न्हाई.

धुरपताबाई : शिंपी बरा हाय. काठ वाया घालवला न्हाई.

पंकजा : आई, राग आला असेल तर बोल ना. शिंप्याचं काय घेऊन बसलीस?

धुरपताबाई : रागाचं न्हाई, बाई. तुजं लग्न झालं तवापास्नं कोणच्या बी लग्नाला गेले, उसाच्या फडावरच्या लग्नाला बी, अन् आहेर करायला लागले, की मी तोंडं बगायची न्हाई, काठ बगायची. जिवात जीव नसायचा. वाटायचं, फिरत फिरत आपलीच साडी आपल्या वटीत येऊन पडती का काय.

पंकजा : मला वाटायचं, आत्याबाईंनी नेसली का, ते विचारतेस तू.

धुरपताबाई : नेसायचं कवा इचारलं मी? घरात हाय का, एवढंच इचारायची. तू बोलणं बदलायचीस. मला वाटलं, गेली.

सारजाबाई : अवो, दुसऱ्या फिरवल्या असतील. मानाची कशी फिरवीन?

धुरपताबाई : मला कसं कळावं ते? मोठ्या घरात आमचं कोण ठिवून घेतंय.

शिवप्रसाद : मग राहू द्यायचा ना पडदा?

धुरपताबाई : ऱ्हाऊ द्या. कात्री लावली ते लय बेस केलं, ईनबाई. आता कुणाला देता येत न्हाई.