देवच न्हाई म्हनला तवा

…आनि परत मलाच इचारत्यात! कोंडीबा, आता तूच सांग, देव हाय का न्हाई? आता मला सांगा मंडळी, मी धनगराचं मानूस, आख्खा जलम मेंढरांच्या मागं गेला, साळंच्या भिताडाला पाठ लावली ती बी सावली गावली म्हनून, आनि ह्या दोघास्नी सगळ्या मुलखात दुसरा कोन गावला न्हाई? ह्ये दोघं म्हंजी कोन, तर एक हंबीरराव हवालदार, लढाईवर जाऊन आलेला, बिडी वडताना बी ताठ बसनारा. आनि दुसरा हरिबा, बिरोबाचा पुजारी, दम्यानं बेजार. दिवस कलला की देवळाच्या कट्ट्यावर बसायचं आनि सुरू! एक म्हनतोय हाय, दुसरा म्हनतोय न्हाई, आनि मला मधी बसवत्यात, का तर मी उठून जात न्हाई… देव हाय का न्हाई, ते मला इचारू नगा वो! मला एकच इचारायचं हुतं, ते बी दुसऱ्याच कुनाचं.

सांगतो. घाई करू नगा, माजं बोलनं मेंढरावानी हाय, वाटंत पाला दिसला की थांबतंय.

माजा ल्योक केरबा. लढाई पेटली तवा भरतीवाला आला, पोरांच्या छात्या मोजल्या, ह्येची भरली, घातला पलटनीत आनि धाडला बर्माला. मागं घरात मी, माजी बयाबाई आनि नवी नवरी, आमची सून अंजना. लढाई सपली. गावोगावची पोरं माघारी आली, कुनी लंगडत आलं, कुनी मिशा वाडवून आलं, पन आलं. केरबा आला न्हाई. मग हवालदाराला संगं घेतला आनि सांगलीला गेलो सरकारी हापिसात. तिथला सायेब लय गोड मानूस, मला खुडची दिली बगा! म्हनला, "बाबा, तुमचा मुलगा बेपत्ता आहे." मी म्हनलं, म्हंजी गेला व्हय? "तसं म्हणता येत नाही." मग हाय? "तसंही म्हणता येत नाही." मग सायेब, कवा कळंल? तर चष्मा काडला, पुसला, म्हनला, "कळेलच असं नाही, बाबा." आख्खं सरकार, तोफा हायती, इमानं हायती, जपान्याला हरिवलं… आनि आमचं येक पोर हाय का न्हाई ते ठावं न्हाई!

घरी आलो. बयाबाई म्हनली, "हाय. माजा केरबा हाय. त्या चष्म्यावाल्याला काय कळतंय?" आनि दुसऱ्या दिशी सकाळी मी बगितलं, अंजनानं कुंकवाचं बोट कपाळाकडं न्हेलं आनि मधीच थांबलं. सासूकडं बगितलं. मग लावलं. आनि मग रोजचंच झालं ते. रोज ते बोट मधीच थांबायचं, आनि मी मेंढरं सोडायच्या निमतानं भाईर पळायचो.

अशात तिचा बाप आला, बाळासो, तासगावकडनं. भला मानूस. पानी प्याला, पागुटं मांडीवर ठिवलं, म्हनला, "पावनं, राग मानू नगा. माजी पोर ना धड सवाशीन, ना धड रांडव. आपल्यात पाट लावून दुसरं घर करता येतंय, पोर अजून कवळी हाय. जावई हाय म्हना, मी आल्या वाटंनं माघारी जातो. न्हाई म्हना, पोरीला न्हेतो. पन कायतरी येक म्हना!"

कायतरी येक! आवं, सरकारला म्हनता आलं न्हाई, ते म्या म्हनायचं?

बयाबाई आतनं म्हनली, "बिरोबाला कौल लावा. देव सांगंल."

झालं, समदी गेलो देवळात. आमच्यात कौल कसा, तर दोन जोंधळं पान्यात भिजवायचं, देवाच्या उजव्या आनि डाव्या अंगाला चिकटवायचं, आनि इचारायचं. उजवा आदी पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई. हरिबानं भंडारा लावला, दानं भिजत घातलं, आनि तेवढ्यात कट्ट्यावरनं हवालदार खाकरला. "का रं हरिबा, दगडाला इचारून पोरीचा जलम ठरवनार व्हय?"

झालं! पेटलं!

हरिबा म्हनला, "दगूड कुनाला म्हनतोस? देव हाय त्यो!" हवालदार म्हनला, "कुठं हाय? मी खंदकात पडलो हुतो, वरनं गोळं पडत हुतं, आमी आमच्या देवाला हाका मारत हुतो, समूरचा दुश्मन त्येच्या देवाला मारत हुता. दोघांचं ऐकायचं म्हनलं तर देवानं करायचं काय? लढाईच बंद! झाली का बंद? मग?" हरिबा खोकला, दम घेतला, म्हनला, "आरं मर्दा, मेंढरं माळावर पांगल्यात आनि राखन्या झाडाखाली निजलाय, म्हनून राखन्याच न्हाई म्हनशील व्हय?" हवालदार म्हनला, "निजलाच आसंल तर आसून उपेग काय?"

माज्या मनात आलं, मी बी निजलोय की कैकदा. मी निजलो आनि लांडग्यानं कोकरू न्हेलं. पन मी हुतोच की तिथं… आनि कोकराला काय म्हनायचं, राखन्या हुता म्हनून बरं वाटून घे? म्हनून म्हनतो, देव हाय का न्हाई, ते मला इचारू नगा!

तर हिकडं बाळासो तापला. सकाळधरनं पोटात अन्न न्हाई त्येच्या. म्हनला, "आवं, आदी तुमी देव हाय का न्हाई ते ठरवा, मग माज्या जावयाचं इचारू!" त्यो आपला वैतागून बोलला, पन हरिबाचं डोळं चमाकलं. म्हनला, "मग त्येलाच इचारू की!"

आनि इचारलं! खरंच सांगतो, इचारलं! दानं चिकटवलं, हात जोडलं, "देवा बिरोबा, तू हायेस का न्हाईस, सांग." समदी वाकून बगत्यात. दोन्ही दानं चिकाटल्यालं, हालत न्हाईत. बगतोय… बगतोय… आनि टपकन डावा पडला.

न्हाई!

देवच न्हाई म्हनला!

हवालदारानं मांडीवर थाप मारली, "घ्या! खुद्द साक्ष!" हरिबाचं तोंड क्षनभर उतरलं, आनि मग त्यो बी उसळला, "आरं, न्हाई म्हनला कोन? कोनतरी म्हनला का न्हाई? मग त्योच की देव!" हवालदार म्हनला, "त्यो खोटं बोलतोय व्हय मग?" "थट्टा करतोय तुजी!" "थट्टा न्हवं, तू खोकलास म्हनून पडला!" "मी न्हाई खोकलो, वारं आलं!" "मग वाऱ्यानं पाडला म्हन की, देव कशाला मधी?" "दाना बगू, कुठं पडलाय!" दोघं गुडघ्यावर बसलं दाना हुडकाय, तवर कोंबडी आली आनि त्यो दाना गिळून चालती झाली. देवाचा निकाल कोंबडीच्या पोटात! बाळासोला सुदिक हसू आलं. मी बी हसलो, लय दिसानं हसलो… आनि मागं वळून बगितलं तर खांबाला धरून अंजना उबी. ती हसत न्हवती. तिचं डोळं हरिबाच्या हाताकडं, कारन हरिबानं दुसरं दानं भिजत घातलं हुतं. केरबाचं.

बयाबाईनं पदर पसरला. हरिबा म्हनला, "इचार कोंडीबा."

आनि मी त्या दान्यांकडं बगितलं वो. मला वाटलं, ज्या देवाला सोताचं धड सांगता येईना, त्येच्या डोक्यावर माजं पोर कशाला घालायचं? आनि डावा पडला तर? समद्यांच्या देखत, टपकन, पोरगं न्हाई?

मी म्हनलं, हरिबा, राहू दे. ते दानं कोंबडीला घाल.

उठलो, अंजनाजवळ गेलो. म्हनलं, पोरी, बापासंगं जा. कुंकू पुसू नगो. तुला दुसरं लावनारा मिळंल, तवर हेच असू दे. आमी काय म्हननार न्हाई.

ती खाली बगून म्हनली, "मामा, आनि ते आलं तर?"

म्हनलं, आला तर माजं मी बगतो. मीच धाडली म्हनून सांगंन त्येला.

गेली. चार मेंढरं दिली संगं, बाळासो नगो नगो म्हनत हुता. माळाच्या टेकापातूर तिचं लुगडं दिसत हुतं.

बयाबाई लय दिस माजं ताट नुसतं सरकवून आत जायची. मग येक दिस म्हनली, "तुमी कौल लावू दिला न्हाईसा. उजवा पडला असता." मी म्हनलं, व्हय, पडला असता. दुसरं काय म्हनू?

तर आता ह्ये दोघं. परवा काय झालं, हरिबाला लय धाप लागली, तर हवालदाराला दया आली. म्हनला, "जाऊ दे गड्या, म्हातारं झालो आता, तू म्हनतोस तसं. हाय तर हाय. मिटवू." आनि हरिबा बी म्हनला, "न्हाई रं, तुजं बी खरंच आसंल." आरं, ह्येंचं मिटलं तर केरबाचं बी मिटलं की! कवा न बोलनारा मी, उठून म्हनलं, आसं कसं मिटतंय? त्या दिशी वारं हुतं का खोकला हुता, ते आदी ठरवा की! पेटलं परत. बरं वाटलं.

कारन घरी गेलो की बयाबाई रोज इचारती, "देवाचं ठरलं का काय?" मी म्हनतो, न्हाई, अजून भांडत्यात. ती म्हनती, "भांडू द्या," आनि मग मला जेवाय वाढती.