मी आत जातंय

गौरवी : आई, हेल्मेट काढा आता. पोचलो आपण.

कमलाक्षी : रवांदे गो. कोण तरी वळखीचा दिसात.

गौरवी : म्हणून तर लाटंबार्शाहून इतक्या लांब पेडण्याला आलो. डिचोलीचा गट जवळ होता. तुम्हीच म्हणालात, डिचोलीत अर्धा बाजार मला ओळखतो.

कमलाक्षी : पेडण्यात माझो मामेभाव रवता.

गौरवी : तुमचे मामेभाऊ रविवारी शाळेत कशाला येतील?

कमलाक्षी : आनी इलो तर?

गौरवी : आले तर दारू सोडायलाच येतील. मग सोबत झाली तुम्हाला.

कमलाक्षी : हसतंस काय? थय वर्गात बघ. सगळे दादलेच. एक पण बायलमाणूस नाय.

गौरवी : मला माहीत होतं.

कमलाक्षी : म्हायत होता? आनी माका सांगलंस नाय?

गौरवी : सांगितलं असतं तर स्कूटरवर बसला असता? आरोग्य केंद्राच्या भिंतीवर या गटाचा नंबर दिसला, तो लावला. बाई आलेली चालेल का, म्हणून आधीच विचारलं. तो माणूस म्हणाला, चालेल, पण सध्या एकही येत नाही.

कमलाक्षी : तुझो सासरो काजूच्या दारूची भट्टी लावी तेव्हा हुर्राकाची चव मीच बघी. तेव्हा कोण काय म्हणा नाय. तो गेलो, घर खावक उठला, मगे जरा...

गौरवी : जरा नाही, आई. त्या दिवशी माझी सेजल विहिरीच्या कठड्यावर चढली होती. मी कामावरून आले म्हणून दिसली. तुम्ही पडवीत पडला होता. मी हलवलं, ओरडले. तुम्ही उठला नाहीत.

कमलाक्षी : म्हायत आसा माका.

गौरवी : योगेशला मी सांगितलं, आईला बरं नव्हतं. तो वास्कोला बंदरावर असतो, त्याला काय कळणार? पण एकदा खोटं बोलले. पुन्हा मला जमणार नाही.

कमलाक्षी : आनी पोरीक माहेराक नेऊन ठेवलंस.

गौरवी : हो. ठेवली.

दत्ताराम : नमस्कार. फोन तुम्हीच केलेला ना? मी दत्ताराम. पूर्वी बस चालवायचो. आता या खोलीची चावी सांभाळतो.

गौरवी : हो, मीच. या माझ्या सासूबाई, कमलाक्षी.

कमलाक्षी : भावानू, माका एकच सांगा. बायलमाणूस पिता म्हणान आत कोण हसतलो?

दत्ताराम : खोटं कशाला सांगू? एखादा टक लावून बघेल. इथं बाईमाणूस यायची सवय नाही आम्हाला. पण हसणार कोणी नाही, ताई. हसायला ज्याच्या घरात काही घडलेलं नाही असा माणूस लागतो. तसा आत एकही नाही.

कमलाक्षी : बोलूक व्हयाच?

दत्ताराम : नको तर नको. बसा, ऐका, चहा घ्या.

कमलाक्षी : ही येतली माझ्यावांगडा?

दत्ताराम : आज फक्त पिणाऱ्यांची बैठक. सूनबाईंनी व्हरांड्यात थांबायचं.

गौरवी : मी इथंच आहे, आई. नाहीच जमलं तर बाहेर या. मी काही बोलणार नाही.

कमलाक्षी : नको. एकदा भायर इलंय तर परत जावचंय नाय, माका माझा म्हायत आसा. ह्या हेल्मेट धर. मी आत जातंय. तू भायरसून दार ओढून घे.

(तासाभराने. बैठक संपून माणसं पांगतात.)

गौरवी : आई, रडलात तुम्ही?

कमलाक्षी : एकटी मीच नाय. एक म्हातारो... नाय, ता सांगूचा नाय. थयला थयच ठेवचा, अशी तेंची रीत.

गौरवी : तुमचं तरी सांगा. बोललात?

कमलाक्षी : बोलूचाच नाय असा ठरवलेलंय. मगे उबी रवलंय. विहिरीचा सांगलंय.

गौरवी : सगळं?

कमलाक्षी : सगळा. कोण हसलो नाय. एकान उठून पंखो बंद केल्यान, माझो आवाज मागे पोचत नाय होतो म्हणान.

गौरवी : पुढच्या रविवारी यायचं ना मग?

कमलाक्षी : रविवार लांब आसा. उद्या पयलो डॉक्टर. एकदम सोडली तर आंग थरथरता, तेका औषध लागता, असा दत्ताराम म्हणता. आनी बुधवारी डिचोलीची मीटिंग.

गौरवी : डिचोली? तिथं तर सगळे—

कमलाक्षी : वळखतत तर वळखांदे. दर खेपेक तू रजा काढून माका खय खय फिरवतलंस? बस पकडून जातलंय मी. आनी ऐक. माळ्यावर, जुन्या टोपल्यांच्या मागे, फेणीचे दोन कॅन आसत. घराक गेल्याबरोबर ते ओत. मी थय उबी रवचंय नाय.

गौरवी : मी सगळं घर शोधलं होतं, आई.

कमलाक्षी : बघी होतंय मी. आता योगेशाक फोन लाव.

गौरवी : आत्ता? ड्युटीवर असेल तो. घरी जाऊन निवांत करू.

कमलाक्षी : घराक पोचापर्यंत माझो जीव भितलो. आत्ताच लाव.

गौरवी : घ्या. वाजतोय.

कमलाक्षी : योगेश? मी आई. बरी आसंय रे. ऐक, मधी बोलू नको. सेजल आजोळी कित्याक आसा, ता गौरवीन तुका सांगूक नाय. मी सांगतंय.