देवीपुढची दोन बासनं

आमी सुतार. चौलच्या अलीकडं नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात ना, तिथल्या एका आळीत माझा जन्म. नाव काशिनाथ, पण गावात इचाराल तर दारवाला काशी म्हणून सांगा, लगेच घर दावतील. आता ह्या नावाची गोष्ट सांगायची तर बापापासून सांगायला पायजे. बाप घरांच्या चौकटी बसवायचा नि जत्रेला नाटक आसलं की सीनसीनरीच्या पट्ट्या ठोकायचा, त्यामुळं मी सगळी नाटकं विंगेतनं बघितली, आनि विंगेतनं बघणाऱ्याला नट कडेनंच दिसतो, रडतोय का हसतोय ते धड कळत न्हाय, कळतं ते येवढंच की कोण कुठल्या दारानं आत आला नि कुठल्या दारानं गेला. तेवढंच नाटक मला कळतं. आजपण.

आमच्या गावदेवीच्या जत्रेला नाटक व्हायलाच पायजे, न्हाय झालं तर आई रुसते आसं म्हातारी माणसं सांगत आली. नाटक बसवणार वसंता. गाव त्याला मास्तर म्हणतं, शाळेत मास्तर व्हता म्हणून, मी वसंताच म्हणतो, पैलीपासून एका बाकावर बसलेलो आमी. त्यानं नट घडवायचे आनि मी फळ्या ठोकायच्या, आसं आमचं चाळीस वर्षांचं चाललेलं. माझ्या लग्नात करवल्यांपेक्षा जास्त त्यो मिरवला, आता काय सांगू तुमाला.

मंग ते वादळ आलं. तुमाला म्हाईत हाय, कुणाच्या घरावर कौल राहिलं न्हाय. आमच्या नाटक मंडळाचे पडदे, सीन, सगळं उडालं, राजवाड्याचा पडदा पोफळीच्या शेंड्याला लोंबत व्हता आठ दिवस. आनि त्याच पावसाळ्यात आमची मंडळी, माझी बायको, गेली, दोन दिवसांच्या तापानं. मी घरात बसून राहिलो. रंधा हातात धरला न्हाय, कुणाशी बोललो न्हाय. लोक म्हणाले, औंदा नाटक न्हाय, सीनच न्हाय तर नाटक कसलं. तवा वसंता घरी आला नि म्हणाला, काशी, देवळापुढचा फणस पडलाय, त्याचं कायतरी कर.

त्या फणसाचं मी एक दार केलं. भिंत न्हाय, कायच न्हाय, नुसती चौकट, खाली दोन पाय, एक फळी, पितळेची कडी. रंगमंचावर मधोमध उभं केलं नि वसंताला म्हटलं, आता येवढ्यात बसंल आसं नाटक शोध. त्यो म्हणाला, दारं मोजून कुणी नाटक निवडतं का? मी म्हटलं, मी निवडतो. वाचनालयातली पुस्तकं घरी आणली, कानावरची पेन्सिल काढली नि जिथं जिथं कोण आत येतो तिथं तिथं खूण करत गेलो. ज्या नाटकाला बंगला लागतो, गॅलरी लागते, फिरता रंगमंच लागतो ते बाजूला. ज्यातली माणसं एका दारातनं येऊन भांडून जाऊ शकतात ते आपलं. आमचा रंगमंच तरी केवढा, चार पावलं टाकली की मागची भिंत. एक दार, एक बाकडं, एक चटई. दार इकडनं बघितलं तर घर, फिरवलं की रस्ता, आडवं टाकलं की होडी. पैल्या वर्षी होडी झाली तवा पुढं बसलेल्या कोळणी हसून लोटपोट, पण त्याच होडीतला म्हातारा बुडाला तवा त्यांनीच पदर डोळ्याला लावला. तवापासनं मी दारवाला काशी.

आता आमच्याकडची रीत सांगतो, ती सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. नाटक ठरवायचं आईनं. आमी दोन पुस्तकं न्यायची, एक मी निवडलेलं, एक वसंतानं, लाल कापडाच्या दोन बासनांत बांधून, एक आईच्या उजवीकडं, एक डावीकडं. गुरव आईच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, नि ज्या बाजूची पाकळी आधी पडंल त्या बाजूचं नाटक. त्यालाच आमी कौल म्हणतो. गुरवालापण म्हाईत नसतं कशात काय हाय. आनि जे बासन आईनं नाकारलं ते सोडायचं न्हाय, तसंच देवळाच्या कपाटात ठेवायचं. आईनं न्हाय म्हटलेलं माणसानं उघडू न्हाय. बासनं बांधायचा वसंता, मास्तर माणूस, त्याचं अक्षर चांगलं, गाठ चांगली. मी कधी बघितलं न्हाय. कशाला बघू?

चार वर्षं माझ्याच नाटकाला कौल मिळाला. लागोपाठ चार. मी मनात म्हणायचो, मंडळी नेली आईनं, पण माझ्यावरची नजर हटवली न्हाय. ह्याच्यावर मी उभा राहिलो, खोटं सांगत न्हाय. रोज सकाळी देवळावरनं जाताना चप्पल काढून उभा राहायचो नि म्हणायचो, तुझ्यामुळं.

गेल्या वर्षी मुंबईला राहणारी गावची माणसं म्हणाली, मोठं करू, जिन्याचं नाटक करू. त्यात दुमजली बंगला, नि नायिका जिन्यावरनं उतरते. मी म्हटलं, आपल्या रंगमंचावर जिना उभा केला तर नायिका उतरायची थेट प्रेक्षकांत. वसंता म्हणाला, आपण कशाला भांडायचं, आईला इचारू. इचारलं. पाकळी पडली, बासन सोडलं, जिना. मी हात जोडले. आईची इच्छा. वाईट वाटलं, पण राग न्हाय आला, आईवर कसला राग? माणगाववरनं टेम्पोतनं जिना आला, त्याला खिळे मीच मारले, माझ्या हातानं. जिना एवढा उंच की वरच्या पायरीवर नायिकेचं डोकं झालरीत जायचं, लोकांना नुसती साडी बोलताना दिसायची. आनि माझं दार मेकपच्या मांडवाला लावलेलं, त्याच्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत व्हते. ते बघितलं नि मी घरी आलो.

जत्रेनंतर गुरवानं बोलावलं. देवळाच्या कपाटाचं दार फुगलंय, लागत न्हाय. गेलो. बघतो तर मागनं वाळवी लागलेली. सगळं बाहेर काढायला लागलं, त्यात ती बासनं, पाच, आधीची वादळातच गेलेली. वरच्याचं कापड वाळवीनं खाल्लेलं, हातात घेतलं नि पुस्तक खाली पडलं. मी उघडलं न्हाय, आईची शपथ, ते आपसूक पडलं. गेल्या वर्षीचं नाकारलेलं, म्हणजे माझं आसायला पायजे व्हतं. त्याच्यावर जिन्याचा बंगला छापलेला.

दोन्ही बासनांत एकच नाटक. पाकळी कुठलीपण पडू दे, जिनाच येणार व्हता.

मी तिथंच फरशीवर बसलो. गुरव बाहेर निर्माल्य काढत व्हता. बसल्या बसल्या मनात आलं, मंग आधीची चार? रीत मोडली मी, व्हय, सोडली चारी बासनं. नि काय सांगू तुमाला, चारींत माझंच नाटक. पैल्या बासनात होडीचं नाटक, जे आमी केलं तेच. दुसऱ्यात पण जे केलं तेच. वसंताचं पुस्तक आईपुढं कधी गेलंच न्हाय. म्हणजे आईनं मला कधी निवडलंच न्हाय, मी चार वर्षं रोज सकाळी ज्याच्याबद्दल हात जोडत व्हतो ते वसंतानं घरी बसून गाठीत बांधलेलं.

उठलो नि तसाच वसंताकडं गेलो. पडवीत अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसला व्हता. ती पाचच्या पाच पुस्तकं त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं बघितलं, अडकित्ता खाली ठेवला. खोटं बोलला न्हाय, तेवढं त्याचं मानायला पायजे. म्हणाला, वहिनी गेल्या तवा तू बोलेनासा झालास, वाटलं ह्यात तरी तुला हार नको, तुझं मन राखलं. मी म्हटलं, आनि औंदा? तर म्हणाला, गाव कंटाळलं रे दाराला, सगळे मला सांगत व्हते, तुला तोंडावर सांगायला माझी जीभ उचलंना, म्हणून आईच्या नावावर घातलं.

मी म्हटलं, वसंता, तू माझं मन राखलंस, गावाचं राखलंस. आईचं कोण राखणार?

त्यानं अडकित्ता परत उचलला. त्याची बायको चहा घेऊन आली, मी पैल्यांदाच त्या घरात चहा न पिता उठलो.

लोक म्हणतील, दोस्तानं चांगल्यासाठीच केलं. आसंल. पण तोंडावर म्हणाला आसता, काशी, पुरे आता तुझं दार, तर मी दोन दिवस रुसलो आसतो नि तिसऱ्या दिवशी जिना करायला बसलो आसतो. पन्नास वर्षांच्या दोस्तीत तेवढं बोलायचा हक्क त्याला नसंल तर कुणाला? त्यानं मला लहान पोरासारखं जिंकवलं नि लहान पोरासारखं हरवलं. गावाला मी कायच सांगितलं न्हाय. सांगितलं तर लोक वसंताला मोकळा सोडतील नि आईच्या कौलावर शंका घेतील. गिळलं.

आता पुढच्या सोमवारी परत कौल हाय. वसंता परवा आला, अंगणातच उभा राहिला, म्हणाला, पुस्तक दे, बांधतो. मी म्हटलं, औंदा बासन नको, उघडंच ठेवू, माझं मी नेतो, तुझं तू आण. बरं म्हणाला नि गेला. हे बघा माझं पुस्तक, एका दाराचंच हाय, खुणा केल्यात मी पेन्सिलीनं. दारपण मांडवातनं घरी आणलंय, कडी घासून ठेवलीय.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आजवर तिनं माझ्याबद्दल काय म्हटलंय ते मला म्हाईतच न्हाय. पण न्हाय म्हणाली तर म्हणू दे, तिची ती म्हणू दे. तुमी या सोमवारी, आई तुमचं भलं करो. लांब नका बसू, पाकळी पडताना आवाज येत न्हाय.