शेवंताबाईंचा डावा गुडघा

मंडळी,

आज वसुधा मॅडमच्या फोटोसमोर उभं राहून मला बोलायचंय. अकोल्याहून, मूर्तिजापूरहून तुम्ही अमरावतीला आलात. तुमच्यातले कित्येक जण मॅडमनी बसवलेल्या गुडघ्यावरच चालत आलेत.

मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्याच दवाखान्यात ऑपरेशनं करते. आज मला त्यांची थोरवी सांगायची नाही. आमचा एक वाद सांगायचाय. तो मिटायच्या आधीच मॅडम गेल्या.

समोर शेवंताबाई बसल्यात. बार्शीटाकळीला त्यांची झेंडूची शेती आहे. त्यांना विचारूनच बोलतेय.

काही वर्षांपूर्वी मॅडमनी त्यांचा डावा गुडघा अर्धा बदलला होता, म्हणजे फक्त झिजलेली बाजू. वर-खाली धातू, मधे प्लास्टिकची चकती. मॅडमची एक रीत होती. दरवर्षी पेशंटला बोलवायचं आणि एक्स-रेच्या आधी त्याच्या चपला उलट्या करून पाहायच्या. तळ कुठल्या बाजूनं झिजलाय? त्यावरून पायाचं वजन कुठं पडतं ते कळतं. यंदा शेवंताबाई नव्या कोऱ्या चपला घालून आल्या.

"जुन्या कुठी हायेत, शेवंताबाई?" मॅडमनी विचारलं.

"फेकल्या. डॉक्टरच्या दारात फाटक्या घालून येऊ काय?"

"मले त्याच पाह्याच्या होत्या!"

"बाप्पा! तुमी गुडघ्याच्या डॉक्टर का चपलाच्या?"

आम्ही हसलो. मग एक्स-रे आला.

खालची धातूची थाळी किंचित कलती बसली होती; आधीच्या एक्स-रेत तो कल आमच्या नजरेत आला नव्हता. सगळं वजन चकतीच्या एका कडेवर येत होतं. चकती तिथंच झिजत होती. आणि शेवंताबाईंना काहीही दुखत नव्हतं.

मी मॅडमना बाजूला घेतलं. म्हटलं, "दुखत नाही ना? वाट पाहू. आताच कशाला घाबरवायचं?"

मॅडम म्हणाल्या, "घाबरलंय कोण? त्या, की आपण?"

त्यांनी जाऊन सरळ सांगितलं. "थाळी माह्याच हातानं तिरपी बसली. तुमच्या चालण्यात खोट नाही."

शेवंताबाईंचा मुलगा ताडकन उठला. "म्हंजे माह्या मायले पुन्हा चिरनार?"

"हाव. चकती पुरी झिजली का हाड खराब होते. ते शाबूत आहे तोवरच."

दुखत नसलेला गुडघा उघडायचा? मॅडमचं बरोबर होतं? मंडळी, मी अजूनही ठामपणे हो म्हणू शकत नाही. पण शेवंताबाई म्हणाल्या होत्या, "तुमीच करा." मॅडमनी मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात त्यांचं हृदय थांबलं.

आज दारातच शेवंताबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आता तू कर. पन वाकडं बसलं तर त्यायच्यासारखं तोंडावर सांगजो."

मी हो म्हटलं. ऑपरेशन सोमवारी आहे. थाळी सरळ बसवायचा मी जीव तोडून प्रयत्न करीन. नाहीच बसली, तर त्यांच्या मुलासमोर उभं राहून तसं सांगायला माझी जीभ उचलेल का? हे मला मॅडमना विचारायचं होतं.

आता मॅडमसाठी सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या.

शेवंताबाई, तुम्ही उठू नका.